कायदा होता, पण बघायला कोण येत होते?

(मंडळाच्या व्याख्यान कार्यक्रमात दिलेले भाषण)



गणपतीपुढे कोणी संतांवर बोलते, कोणी शिवरायांवर. मी जन्मभर कारखान्याच्या कार्मिक विभागात हजेरीपट आणि रजेचे अर्ज सांभाळले. तेव्हा माझ्याकडून दुसरे काय निघणार? आपल्यापैकी पुष्कळजण नोकरीच्या निमित्ताने म्हैसूरला आलो, ते आठवड्याची सुट्टी गृहीत धरूनच. ती सुट्टी कशी मिळाली आणि कायद्यात लिहिलेले खरोखर पाळले जाते का, हे पाहायला पूर्वी कोण जात असे, एवढेच आज सांगणार आहे.

1881 साली दोन गोष्टी घडल्या. 25 मार्चला इंग्रजांनी म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याला परत केले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा झाला. हा कायदा संस्थानांना आपोआप लागू नव्हता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायचे नाही, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही, असे त्यात होते. मोठ्या माणसांच्या आणि बायकांच्या तासांबद्दल अक्षर नव्हते. शंभराच्या आत माणसे असली की कायदा दारातच थांबे. चहा, कॉफी आणि निळीच्या मळ्यांवरचे कारखाने त्यातून वगळले होते. कॉफीचे मळे आपल्या शेजारी कोडगूत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता तपासणीचे पाहा. वेगळा निरीक्षक नेमला नसेल तिथे जिल्हा मॅजिस्ट्रेटच निरीक्षक. म्हणजे सारा, दुष्काळ, दंगे, कोर्टकचेरी हे सगळे सांभाळून साहेबाने गिरणीतल्या पोराचे वय विचारायचे! मुंबई सरकारने 1882 मध्ये मीड-किंग नावाचा इंग्लंडमधला फॅक्टरी निरीक्षक काही काळ बोलावून घेतला. हा कायदा अपुरा आहे, असेच त्याचे मत पडले. वय ठरवायचे तरी कसे? जन्माचा दाखला कोणाकडे होता? सगळा भार सर्टिफाइंग सर्जनच्या अंदाजावर.

मग 1884-85 मध्ये मुंबई सरकारने कमिशन नेमले. त्याच्यापुढे खानदेशातल्या जिनिंगची हकीकत आली. तिथल्या बायका पहाटे अंधारात कामाला लागत आणि रात्री सुटत. पण वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारा कारखाना कायद्यात बसतच नसे, आणि कापसाचा हंगाम तो केवढा? माझ्या मते त्या कायद्याचे सर्वात मोठे पाप हेच. ज्यांचे हाल सर्वात जास्त, त्यांच्या दारापर्यंत निरीक्षकाला जाण्याचा हक्कच नव्हता.

निरीक्षक पोचला नाही, पण आपला माणूस पोचला. नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, स्वतः गिरणीत नोकरी केलेले. 1884 च्या सप्टेंबरात परळला त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, अपघात झाल्यास भरपाई, अशा मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या झाल्या. 24 एप्रिल 1890 च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार होते आणि दोन स्त्रियांनी भाषणे केली. मंडपात बसलेल्या भगिनींनी हे जरूर लक्षात ठेवावे. 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी सर्वांना, बायकांना अकरा तास आणि नऊ ते चौदा वयाच्या मुलांना सात तास ठरवून दिले.

पुरुषांच्या तासांना मात्र अजून मर्यादा नव्हती. विजेचे दिवे आले आणि 1905 च्या सुमारास मुंबईत चौदा-पंधरा तास गिरण्या चालू लागल्या. पूर्वी निदान सूर्य मावळला की सुटका असे. बारा तासांची मर्यादा यायला 1911 साल उजाडले. पुढे काही मुले सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसऱ्या नावाच्या दाखल्यावर दुसरीत जाऊ लागली. 1926 मध्ये याबद्दल दंडाची तरतूद झाली, ती आईबापांना! एका पगारात घर चालत नव्हते म्हणून तर पोर दोन ठिकाणी जात होते.

दुकानांचे प्रकरण आणखी अवघड. गिरणीचा भोंगा साऱ्या परळला ऐकू येई. दुकानात एकच गुमास्ता, तोही बहुधा मालकाच्या गावचा किंवा नात्यातला. अर्धे शटर ओढून आत हिशेब चालू असेल तर तक्रार कोण करणार? मुंबई प्रांताने 1939 मध्ये दुकाने व आस्थापनांचा कायदा केला, देशातला पहिला. त्याची अंमलबजावणी नगरपालिकांकडे दिली. मुंबई-पुण्याकडे 'गुमास्ता लायसन' आणि 'शॉप ॲक्ट' हे शब्द घरोघरी झाले, ते यातूनच. पालिकेचा इन्स्पेक्टर त्याच पेठेत राहणारा, दुकानदारांना ओळखणारा. ही सोय होती आणि अडचणही तीच. कोणते शटर खोटे बंद आहे हे त्याला ठाऊक असे, पण त्याच दुकानातून त्याच्या घरी वाणसामानही येत असे.

माझ्या नोकरीत निरीक्षक येणार म्हटले की रजिस्टरे रातोरात पूर्ण होत. कामगाराला बाजूला घेऊन, मालकाचा माणूस जवळ नसताना, दोन प्रश्न विचारणारे अधिकारी मला थोडेच भेटले. 2020 च्या कामगार संहितांनी आता या पदाला 'सुलभकर्ता' असेही नाव जोडले आहे. नावाबद्दल माझी तक्रार नाही. तो येतो का आणि कोणाशी बोलतो, एवढेच मला कळायला हवे.

बडोद्याच्या महाराजांच्या नावाच्या आपल्या सयाजीराव रस्त्यावर किती दुकाने ओळीने उभी आहेत. तिथे कपड्यांच्या गठ्ठ्यांमागे दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलींना सुट्टी कोणत्या वारी असते, हे मी खरेदीला गेलो की विचारतो. काही जणी वार सांगतात, काही आधी गल्ल्याकडे पाहतात.

आरतीची वेळ झाली आहे. मी थांबतो.