पीठ का रुसतं?

डिसेंबरात आमच्या दिवाळ्यात पहाटे खाडीवरून गार वारा येतो. गाव कोळ्यांचं, शेजारी बेलापूरची ऑफिसं. त्या ऑफिसवाल्यांना घरगुती इडलीचं पीठ पुरवून संसाराला हातभार लावणाऱ्या बायका इथे आहेत. गेल्या थंडीत त्यांतल्या एका ताईंचं पाच किलो पीठ सकाळी जसंच्या तसं बसलेलं, आणि सातला गिऱ्हाईक दारात. घाईत सोडा घातला. पीठ फुगलं, पण चव गेली आणि दोन घरं तुटली. ‘दृष्ट लागली,’ त्या म्हणाल्या. मला तर उतरलेला पारा दिसत होता.

पीठ फुगवतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव. तीस अंशांच्या आसपास ते रात्रभरात काम उरकतात. वीसवर आले की तेच काम दुप्पट वेळ घेतं. अशा वेळी पीठ बिघडलेलं नसतं, थांबलेलं असतं. त्याला वेळ द्यावा, सोडा नव्हे. वाटताना कोमट पाणी घ्यावं. पातेलं लादीवर ठेवू नये, लादी ऊब ओढून घेते. पाटावर ठेवून घोंगडीत गुंडाळावं.

मे महिन्यात गोष्ट उलटी. पाच-सहा तासांत पीठ उतू जातं आणि आंबट होतं. ओलं फडकं गुंडाळायचा सल्ला हमखास मिळतो. तो नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ठीक. खाडीकाठच्या दमट हवेत फडक्यातलं पाणी लवकर उडतच नाही, मग गारवा यायचा कुठून? त्यापेक्षा परातीत गार पाणी घालून त्यात पातेलं ठेवावं. आणखी एक: आंबताना पीठ स्वतःही थोडी उष्णता तयार करतं. मोठ्या भांड्यात ती मध्येच कोंडते. म्हणून उन्हाळ्यात पाच किलोची दोन पातेली करावीत आणि थंडीत एकच ठेवावं.

आमच्या कोकणी घरांत सांदण होतं. फणसाचं नव्हे, तांदळाचं, वाफवलेलं. पूर्वी ते ताडीवर फुगवत, गोव्यातल्या सान्नांसारखं. ताडीला विरजण लागत नाही. झाडावरून मडक्यात ठिबकतानाच हवेतले आणि मडक्यातले जीव कामाला लागतात. पहाटेची गोड नीरा ऊन चढलं की ताडी होते, तशीच राहिली तर पुढे शिरका. नीरा टिकवायला मडक्याला आतून चुना लावतात आणि ती गार ठेवतात.

बिअर करणाऱ्यांचं दुखणंही हेच. त्यांच्या एका जातीच्या यीस्टला अठरा ते बावीस अंश मानवतात. तिशीत ते उधळतं आणि चवीला तिखट, उग्र करून ठेवतं. (आपल्या राज्यात परवान्याशिवाय घरी गाळणं कायद्यात बसत नाही, हेही सांगून ठेवतो.) १८५६ साली फ्रान्समधल्या लील शहरात बीटापासून मद्यार्क काढणारा एक कारखानदार माल नासतो म्हणून लुई पाश्चरकडे गेला. नासलेल्या पिंपात पाश्चरला काडीसारखे जीव सापडले, दुधाचं आम्ल तयार करणारे. त्याच गोतावळ्यातल्या जीवांना आपण रोज रात्री दुधात मुद्दाम सोडतो!

दह्याचं तर गणित आणखी काटेकोर. विरजण लावताना दूध चाळीस ते पंचेचाळीस अंश हवं. पन्नासच्या वर विरजणाचे जीव होरपळतात आणि दूध दूधच राहतं. फार गार असलं तर दह्याला तार सुटते. लागल्यावरही उबेत राहिलं तर ते आंबतं, पाणी सोडतं. बोटाचा अंदाज मुरलेल्या हाताला जमतो. नव्याने शिकणाऱ्याने स्वयंपाकाचा तापमापक घ्यावा. तापाचा इथे कामाचा नाही, त्याची मजल बेचाळीसच्या आसपास संपते. आणि पारा भांड्याच्या कडेला नव्हे, मधोमध बघावा; पिठाचाही तसाच.