एकटीचा दिवस: मुंबईला जाऊन येण्याचा बेत

आज एक छोटासाच प्रवास घेतलाय. सकाळी निघायचं आणि रात्री जेवायला घरी. बरोबर कोणी नाही. आणि खरं सांगू का, आज मला त्या दिवसापेक्षा त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांबद्दल जास्त बोलायचंय. बेत आखण्याबद्दल.

मी पुण्यात राहते, त्यामुळे माझ्यासाठी 'शहर' म्हणजे मुंबई. तुम्ही वाईला किंवा साताऱ्याला असाल तर तुमचं शहर पुणं असेल. नाशिककरांकडे पंचवटी एक्स्प्रेस आहेच. नावं बदलून घ्या, बाकी सगळं तेच आहे.

आपण शहरात जातो, पण बहुतेक वेळा कामाला जातो. लग्नाचा बस्ता असतो, डॉक्टरची वेळ असते, कोणाला तरी विमानतळावर सोडायचं असतं. त्यामुळे मी 'मंगळवारी मुंबईला जातेय' म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "काय काम काढलंस?" काही काम नाही म्हटलं की दुसरा, "मग कोणाबरोबर?" आणि एकटी म्हटलं की तिसरा, "एकटी? कशाला?" हे प्रश्न विचारणारी माणसं वाईट नसतात हो. त्यांना खरंच कळत नाही. आणि गंमत म्हणजे, सुरुवातीला आपल्यालाही उत्तर देता येत नाही.

कारण आपल्याला सवय असते ती सगळ्यांच्या सहलीची. त्यात बेत म्हणजे हिशोब. एकाचे गुडघे दुखतात, एकाला दर दोन तासांनी चहा लागतो, मुलांना म्युझियम नको, कोणाला बाहेरचं तिखट चालत नाही. हे सगळं जमवून जे उरतं ती सहल. त्यातही मजा असते, मी नाही म्हणत नाही. पण त्यात 'मला काय बघायचंय' हा प्रश्न आपण स्वतःला विचारतच नाही. एकटीच्या बेताचा कागद पुढे घेतला की पहिल्यांदा तोच प्रश्न उभा राहतो. मी पहिल्यांदा बसले तेव्हा दहा मिनिटं कागद कोराच होता.

तर आता माझी पद्धत सांगते. पहिली गोष्ट म्हणजे वार. रविवार बाद, कारण मुंबईत लोकलचा मेगाब्लॉक असतो. सोमवार बाद, कारण त्या दिवशी काही ठिकाणं बंद असतात, उदाहरणार्थ राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. राहिले मंगळवार ते शनिवार. मग गाडी. मला डेक्कन क्वीन आवडते. 1930 साली सुरू झालेली गाडी आहे आणि तिला अजून डायनिंग कार आहे. खिडकीत बसून भोर घाट उतरताना चीज टोस्ट खायचा, हे माझ्या बेताच्या कागदावर चक्क लिहिलेलं असतं.

आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. आधी 120 दिवस होतं, ते नोव्हेंबर 2024 पासून कमी केलं. मला हे बरं वाटलं. चार महिन्यांनंतरचा आपला दिवस कसा असेल हे कोणाला सांगता येतं? दोन महिन्यांचं थोडंफार येतं. आणि एकटीला एकच सीट हवी असते, त्यामुळे बऱ्याचदा सुटी सीट मिळून जाते. चौघांना शेजारी शेजारी बसायचं असेल तर विचारू नका.

आता खरी मजा. गाडी पुण्याहून सव्वासातला सुटते, साडेदहाच्या आत सीएसएमटीला पोचते. परतीची तीच गाडी पाच वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे मधे साधारण पावणेसात तास. उतरून बाहेर पडायला पाव तास, परत अर्धा तास आधी स्टेशनात. उरले सहा तास. (वेळा जाण्याआधी एकदा बघून घ्या बरं का, बदलू शकतात.) हे सहा तास फक्त आपले आहेत. महिन्याचा घरखर्च बसवणाऱ्या बाईला सहा तास बसवायला काय लागतं? पण इथे खर्च करायचाय तो स्वतःवर, म्हणून हात जरा थांबतो.

माझा एक नियम आहे. एक गोष्ट पक्की, दोन गोष्टी 'जमलं तर', आणि एक तास रिकामा. याच्या पुढे जायचं नाही. गेल्या खेपेचा कागद सांगते. पक्की गोष्ट होती छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. ते सव्वादहाला उघडतं. सगळं बघायचं नाही, फक्त लघुचित्रांचं दालन. घरच्यांबरोबर गेलं की आपण तिथे वाघ आणि पक्षी बघून बाहेर येतो, लघुचित्रांपाशी कोणी थांबू देत नाही. एका चित्रापुढे दहा मिनिटं उभं राहायचं, हा बेत होता.

'जमलं तर'मध्ये शेजारची जहांगीर आर्ट गॅलरी. 1952 पासून आहे, प्रवेशाला पैसे लागत नाहीत. आणि दुसरं म्हणजे स्टेशनपासून तिथपर्यंत चालत जाणं. दोनेक किलोमीटर आहे. दादाभाई नौरोजी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारतींखालून कमानीतला फुटपाथ आहे, त्यामुळे ऊन लागत नाही. मग हुतात्मा चौक, मग काळा घोडा. तो काळा घोडा आधी सातव्या एडवर्डसकट होता. 1965 मध्ये तो पुतळा हलवला, आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. नाव मात्र तिथेच राहिलं. 2017 मध्ये नवा घोडा बसवला, त्याच्यावर स्वार नाही. असं काहीतरी आधी वाचून गेलं की रस्ता ओळखीचा वाटतो. वाचायला आठवड्यातल्या दोन दुपारी पुरतात.

आता बायकांसाठी एक गोष्ट स्पष्ट बोलते, कारण कुठल्याच प्रवासवर्णनात ती नसते. स्वच्छतागृह. माझ्या कागदावर ठिकाणांच्या शेजारी ते लिहिलेलं असतं. स्टेशनची वेटिंग रूम, म्युझियम, मोठं हॉटेल. हे ठरलेलं असलं की आपण पाणी पितो. नाहीतर दिवसभर तहानलेलं फिरायचं आणि संध्याकाळी डोकं धरून बसायचं, हे आपण सगळ्यांनी केलंय.

जेवणाचं सांगताना मला सासूबाईंबद्दल बोलावं लागेल. शेवटची दोन वर्षं त्या अंथरुणावर होत्या. घराबाहेर दोन तास पडायचं तरी कोणालातरी बसवून जायला लागायचं. मुंबई तर लांबच. पण बेत मी त्या दोन वर्षांतही करत होते. दुपारी त्यांना औषध दिलं की त्यांच्याच खोलीत वही घेऊन बसायची. एकदा त्यांनी विचारलं, "काय लिहितेस गं रोज?" मला वाटलं रागावतील. मी वाचून दाखवलं. गाडी, म्युझियम, चालायचा रस्ता, सगळं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि जेवणार कुठे? एकटी?"

मी म्हटलं, "आई, स्टेशनसमोर पंचम पुरीवाला आहे, तिथे पुरीभाजी."

त्या म्हणाल्या, "मी आयुष्यात कधी एकटी हॉटेलात बसून जेवले नाही बघ." तक्रार नव्हती त्यात. पावसाळा लवकर आला म्हणावं तसं म्हणाल्या. मग जरा वेळाने, "बसू देतात का गं एकट्या बाईला?"

पंच्याऐंशी वर्षांच्या बाईचा हा प्रश्न होता. त्यानंतर आम्ही दोघी मिळून बेत करायला लागलो. त्या अशा गोष्टी विचारायच्या ज्या मला सुचल्या नसत्या. पैसे कुठे ठेवशील, चप्पल कुठली घालशील, शेजारी कोण येऊन बसलं तर काय बोलशील. त्यातला एकही बेत तेव्हा पार पडला नाही. पण ते वाया गेले असं मला कधीच वाटलं नाही. दिवसातला तो अर्धा तास आमच्या दोघींचा होता, आणि त्या खोलीत औषधांव्यतिरिक्त बोलायला काहीतरी होतं.

आणि हो, बसू देतात. उलट गर्दीच्या वेळी एकट्या माणसाला लवकर जागा मिळते. इराण्याकडे किंवा उडप्याकडे टेबल वाटून घ्यायची पद्धतच आहे. समोर अनोळखी माणूस, तो त्याच्या बनमस्क्यात, आपण आपल्या. कोणी बघत नाही. पहिली पाच मिनिटं अवघड जातात, तेवढीच.

आता घरचं. आपली एक सवय असते. आपण दिवसभर नसणार म्हणून आदल्या रात्री तीन भाज्या, दोन कोशिंबिरी, पोळ्यांचा डबा. पहाटे चारला उठून परत काहीतरी. जणू दंड भरतोय. मी माझ्या बेतात घरच्यांचं दुपारचं जेवण लिहीत नाही. घरात मोठी माणसं आहेत, कुकर लावता येतो. ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत किंवा आजारी माणूस आहे त्यांचं वेगळं, ते मला चांगलं माहीत आहे. पण बाकीच्यांनी एकदा करून बघा. एक कागद मात्र घरी ठेवायचा: गाडी कुठली, कुठे असेन, परत कधी. तो परवानगीचा अर्ज नव्हे. काळजी वाटू नये म्हणून दिलेली माहिती आहे. या दोन गोष्टींतला फरक आपल्याला कळला की घरच्यांनाही हळूहळू कळतो.

राहिला तो रिकामा तास. तो कशाला, असं मैत्रिणी विचारतात. तो भरायचा नसतो. पाय दुखले तर बसायचं, एखादं चित्र आवडलं तर परत जाऊन बघायचं, नाहीतर सीएसएमटीची इमारत समोरच्या बाजूला उभं राहून नीट बघायची. आपण कायम तिच्यातून धावत गेलोय. वर मोर आहेत, माकडं आहेत, दगडात कोरलेली. ती बघायला थांबायला लागतं.

तर मंडळी, या आठवड्यात एवढंच करा. जायचं की नाही ते नंतर ठरवा. एक कागद घ्या, वर एक वार लिहा आणि खाली फक्त एक पक्की गोष्ट, जी तुम्हाला एकट्यालाच बघायचीय. काय लिहिलंत ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात आपण पुण्यातल्या अशाच एका दिवसाचा बेत करू, वाई-सातारकरांसाठी. तोपर्यंत काळजी घ्या. नमस्कार.