मांजर, माया आणि मात्रा

पूर्वी मराठी घरातल्या मांजराचे पथ्यपाणी कोणी पाहत नसे. ते उंदरांचा बंदोबस्त करी, चुलीच्या उबेला निजे आणि पंगतीला न बोलावता हजर होई. आता काळ पालटला आहे. मांजराला पशुवैद्याकडे नेतात, त्याच्यासाठी तयार अन्न विकत आणतात, आणि त्याची लव निस्तेज दिसू लागली की औषधाच्या दुकानातून माशाच्या तेलाची बाटली घरी येते. मांजराला मासे आवडतात, तेव्हा माशाचे तेल त्याला मानवणारच, असा साधा हिशेब त्यामागे असतो.

लखनौच्या उत्तरेस विकास नगर नावाची वसाहत आहे. नोकरीच्या निमित्ताने कोकणातून अशा ठिकाणी आलेल्या एखाद्या कुटुंबाची कल्पना करावी. बांगड्याच्या डोक्यांवर वाढलेले त्यांचे मांजर आता समुद्रापासून शेकडो कोस दूर आले आहे. बाजारात रोहू आणि कटला मिळतात; बांगड्याची गोष्ट निराळी. ही उणीव तेलाने भरून काढावी, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. त्या मायेत खोट नाही. मात्रा तेवढी तपासून घेतली पाहिजे.

याच लखनौत १९६५ साली विषविज्ञानाच्या अभ्यासासाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था या नावाने ती आज ओळखली जाते. या शास्त्राचे मूलसूत्र सोळाव्या शतकातील वैद्य पॅरासेल्सस याने सांगून ठेवले आहे: पदार्थ विष ठरतो तो मात्रेने. माशाच्या तेलाला हे सूत्र तंतोतंत लागू पडते.

मुळात मासे हे मांजराचे जन्मजात अन्नच नव्हे. घरगुती मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातील कोरड्या प्रदेशात राहणारे रानमांजर. उंदीर, पाखरे, सरडे यांवर त्याची गुजराण चाले. माशांची चटक मांजराला माणसाच्या सहवासात लागली. तेव्हा समुद्राची मासळी मिळाली नाही म्हणून मांजर खंगते, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. त्याला मांसाहार हवा, तो पुरेसा आणि सर्वांगपूर्ण हवा, एवढेच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ‘माशाचे तेल’ या एका नावाखाली दोन वेगळे पदार्थ विकले जातात. एक तेल माशाच्या मांसल अंगातून निघते. तारलीसारख्या तेलकट माशांचे तेल या जातीचे. त्यात ओमेगा-तीन वर्गातील ईपीए आणि डीएचए ही मेदाम्ले असतात. दुसरे तेल यकृतातून काढतात. कॉड माशाच्या यकृताचे तेल आपल्याकडील जुन्या पिढीने नाक मुरडून, चमच्याने घेतलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात त्याची आयात अडली, तेव्हा मुंबई, मद्रास आणि त्रावणकोर येथे मुशीच्या यकृताचे तेल काढण्याच्या उद्योगाला चालना मिळाली. या तेलाचे महत्त्व त्यातील ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वांमुळे होते, आणि मांजराच्या बाबतीत नेमका धोकाही त्यांचाच आहे.

ही जीवनसत्त्वे स्निग्धात विरघळणारी आहेत. जादा झाली तर ती लघवीवाटे सहज निघून जात नाहीत. शरीरात साठत राहतात. गाजरातील पिवळ्या द्रव्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवण्याची शक्ती माणसात आहे, मांजरात नाही. मांजराला ते आयतेच, प्राणिज अन्नातून मिळावे लागते, आणि चांगल्या प्रतीच्या तयार अन्नात ते बेताने घातलेले असते. त्यावर रोज खाटकाकडची काळजी, आणि त्याहीवर यकृताचे तेल, अशी बेरीज महिनोन्‌महिने चालू राहिली तर जमा वाढत जाते आणि खर्च होत नाही.

या जमेचा परिणाम १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील सीराइट आणि त्यांच्या सहकारी पशुवैद्यकांनी तपशीलवार नोंदला. मुख्यतः यकृतावर पोसलेल्या मांजरांच्या मानेच्या मणक्यांवर नवे हाड वाढत जाई आणि अखेर मणके एकमेकांना सांधले जात. मान वळेनाशी झालेले मांजर स्वतःचे अंग चाटू शकत नाही. न चाटलेली लव राठ आणि निस्तेज होते. आता लव निस्तेज दिसते म्हणून यकृताचे तेल देणाऱ्या घरात काय घडेल, ते पाहा. तेल अती झाले की लव अधिकच बिघडेल, आणि लव बिघडली म्हणून तेलाचा चमचा वाढेल. उपाय आणि अपाय एकमेकांचा हात धरून चालू लागतील.

अंगाच्या तेलात हा धोका सहसा नसतो. तरी तेही निर्धोक नव्हे. त्यातील मेदाम्ले हवा, उजेड आणि उष्णता यांनी लवकर खवट होतात. अशी मेदाम्ले शरीरात फार झाली की ‘ई’ जीवनसत्त्व वेगाने खर्ची पडते. तेलकट माशांवरच ठेवलेल्या मांजरांच्या अंगातील चरबी पिवळी पडून सुजते आणि त्यांना नुसता स्पर्शही सोसवत नाही, हा विकार पशुवैद्यांच्या परिचयाचा आहे. लखनौच्या ज्येष्ठातल्या उन्हाळ्यात फळीवर उघडी राहिलेली बाटली किती दिवस चांगली राहील, याचा विचार ज्याने त्याने करावा. बाटली लहान घ्यावी, शीतकपाटात ठेवावी, आणि वास बदलताच टाकून द्यावी.

मग हे तेल द्यावेच कधी? काही त्वचाविकारांत, म्हातारपणाच्या सांधेदुखीत, मूत्रपिंडाच्या काही दुखण्यांत पशुवैद्य ते सुचवतात. जवसाच्या तेलाने हे काम भागत नाही, कारण त्यातील मेदाम्लाचे ईपीए आणि डीएचए यांत रूपांतर मांजराच्या शरीरात फारच थोडे होते. निरोगी आणि सर्वांगपूर्ण अन्न खाणाऱ्या मांजराला मात्र त्याची सहसा गरज पडत नाही.

पशुवैद्याने मात्रा ठरवून दिली तरी बाटलीवरचा मजकूर नीट वाचावा. माणसांसाठीच्या १००० मिलिग्रॅमच्या नेहमीच्या कुपीत ईपीए १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम असते. म्हणजे उपयोगी भाग अवघा ३००. पशुवैद्याने सांगितलेला आकडा तेलाचा की या मेदाम्लांचा, हे विचारून घ्यावे. ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वे किंवा लिंबासारखा स्वाद घातलेले तेल टाळावे. अशी एक कुपी म्हणजे सुमारे ९ कॅलरी. माणसाच्या जेवणात त्या जाणवणारही नाहीत. पण चार किलोच्या मांजराची दिवसाची गरज सुमारे २०० कॅलरींची, हे लक्षात घ्यावे.

सुरुवात थेंबांनी करावी आणि ठरलेल्या मात्रेपर्यंत काही दिवसांनी पोहोचावे. तेल अन्नात कालवूनच द्यावे. जबडा धरून घशात ओतू नये. तेलाने ठसका लागेलच असे नाही. ते निमूटपणे श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसाला सूज आणते. ओकारी किंवा पातळ शौच सुरू झाल्यास तेल थांबवून पशुवैद्याला विचारावे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर तेल चालू असल्याचे आधी सांगावे, कारण त्याने रक्त गोठण्यास विलंब लागू शकतो.

आपल्याकडे बाळगुटी उगाळताना आजी वेढे मोजत असे. वेखंडाचे इतके, हळकुंडाचे इतके. नातू लाडका म्हणून एकही वेढा जास्त पडत नसे. सहाणेवरची ती शिस्त मायेच्या आड येत नव्हती. ती मायेचाच भाग होती. मांजराला तर बोलताही येत नाही. त्याच्या वाटीत तेलाचा थेंब टाकणाऱ्या हाताने ते वेढे आठवावेत.