बाळंतिणीचें हृदय



आमच्या घरच्या लोखंडी कपाटांत माझ्या नातवाच्या लसीकरणाचें कार्ड आजही नीट जपून ठेवलेलें आहे. त्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, गरोदरपणांतील तपासण्यांची फाइल मात्र घर आवरतांना रद्दींत गेली. ती मींच दिली. आज मला जें सांगावयाचें आहे तें या गेलेल्या फाइलीसंबंधीं आहे. मी वैद्य नव्हें. जन्मभर मुलांना गणित शिकविणारा मास्तर आहें. तेव्हां माझें बोलणें एका बापाचा अनुभव व त्यानिमित्त झालेलें वाचन, एवढ्याच भावनेनें ऐकावें.

माझ्या मुलीस सव्विसाव्या वर्षीं ल्यूपस हा विकार जडला. शरीराचें रक्षण करणारी शक्तीच या विकारांत शरीरावर उलटते. पहारेकऱ्यानें घरच्याच माणसांवर काठी उगारावी तसा हा प्रकार. सांधे दुखतात, गालांवर पुरळ उठतें, कित्येकांच्या मूत्रपिंडांसही इजा पोंचते. या विकाराच्या दर दहा रोग्यांपैकीं सुमारें नऊ स्त्रिया असतात, आणि त्यांतील बहुतेकींस तो नेमका मूल होण्याच्या वयांत गांठतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवात हें त्याच कुळांतलें दुसरें दुखणें.

अशा दुखण्यांत हृदयासही धोका असतो, हें पुष्कळ वर्षें कोणाच्या नीट ध्यानीं आलें नव्हतें. १९७६ सालीं टोरोंटोचे डॉ. मरे युरोविट्झ व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, ल्यूपसचे कांहीं रोगी आरंभींच मूळ आजारानें वा जंतुसंसर्गानें दगावतात. पण त्यांतून तरलेल्यांपैकीं कांहींना पुढें हृदयविकार गांठतो. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पिट्सबर्ग येथील अभ्यासांत तर ३५ ते ४४ वर्षें वयाच्या ल्यूपसग्रस्त स्त्रियांत हृदयविकाराच्या झटक्याचें प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या पन्नास पटींहून अधिक आढळलें. दीर्घकाळ धुमसणारा दाह रक्तवाहिन्यांच्या आंतल्या अस्तरास इजा करतो, आणि तेथें चरबीचे थर लौकर सांचूं लागतात.

आतां गरोदरपणाकडे वळूं. या काळांत स्त्रीच्या शरीरांतील रक्त जवळजवळ दीडपट होतें आणि हृदयास नेहमींपेक्षां तीस ते पन्नास टक्के अधिक रक्त पुढें ढकलावें लागतें. निरोगी हृदय हें ओझें सहज पेलतें. ल्यूपस असलेल्या स्त्रीस मात्र रक्तदाब वाढून लघवींतून प्रथिनें जाऊं लागण्याचा, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाचा, संभव इतरांहून पुष्कळच अधिक असतो. मास्तरांच्या भाषेंत सांगावयाचें तर ही हृदयाची सहामाही परीक्षा होय. पुढें कोणता विषय कच्चा निघेल हें ती आधींच सुचविते. कारण प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या स्त्रियांना पुढील आयुष्यांत हृदयविकार होण्याचा धोका सुमारें दुप्पट असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशननें २०११ सालींच त्याची गणना हृदयविकाराच्या धोक्यांत केली.

मुलगी तिसऱ्या महिन्यांत विसांव्यासाठीं माहेरीं आली तेव्हां यांतलें कांहींच मला ठाऊक नव्हतें. तिच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनच्या गोळ्या पाहून आम्हीं उभयतांनीं तिला सांगितलें, "पोटांत बाळ असतांना असलीं औषधें घेऊं नयेत." तिनें वडील माणसांचें ऐकलें. डॉक्टरांस कोणी विचारलें नाहीं. पांचव्या महिन्यांत सांधे सुजले, मग रक्तदाब चढला, आणि आठवा महिना लागतांच शस्त्रक्रिया करून बाळास बाहेर काढावें लागलें. हें सारें आमच्या सांगण्यामुळेंच घडलें असें कोणी सिद्ध करूं शकणार नाहीं. परंतु हें औषध गरोदरपणांत चालूं ठेवावें अशीच तज्ज्ञांची शिफारस आहे, आणि तें सोडल्यास आजार उसळण्याचा धोका वाढतो, हें मला फार उशिरां कळलें.

उलट मेथोट्रेक्सेट व मायकोफेनोलेट हीं औषधें गर्भास खरोखरच अपायकारक असून तीं गर्भधारणेपूर्वींच बदलावीं लागतात. सारांश, कोणतें औषध ठेवावें व कोणतें सोडावें, हा निर्णय सासूनें वा बापानें करण्याचा नव्हे. आजार निदान सहा महिने शांत असतांना मूल होऊं देणें, बाराव्या आठवड्याच्या सुमारास डॉक्टरांच्या सल्ल्यानें थोड्या मात्रेंत ॲस्पिरिन सुरू करणें, रक्तदाब वरचेवर मोजणें, एवढ्यानेंही पुष्कळ संकटें टळतात. यास्तव कोणी भिऊन जाऊं नये. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेंतील एका अभ्यासांत, आजार बराचसा आटोक्यांत असलेल्या ३८५ गर्भवतींपैकीं ८१ टक्के स्त्रियांचें गरोदरपण निर्विघ्न पार पडलें.

गेल्या वर्षीं मुलीस जिना चढतांना धाप लागूं लागली. वय अवघें सदतीस. आम्ही म्हणालों, नोकरी आणि घर सांभाळतांना दमणूक व्हावयाचीच. डॉक्टरांनीं मात्र प्रथम विचारलें, "गरोदरपणीं रक्तदाब किती होता?" तिला आठवेना, आणि फाइल तर नव्हतीच. मुलाचीं दुखणींखुपणीं काढतां काढतां तिनें स्वतःच्या तपासण्या केव्हांच सोडल्या होत्या. रक्तदाब व कोलेस्टेरॉल दोन्ही वाढलेलीं निघालीं. उपचार सुरू झाले, आतां तिचें बरें आहे.

आपल्याकडे बाळंतिणीस डिंकाचे लाडू मिळतात, शेकशेगडी मिळते, सव्वा महिना विसांवाही मिळतो. त्यानंतर सारें घर बाळाकडे पाहूं लागतें. ज्यांच्या घरीं असा विकार असलेली लेक वा सून असेल, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे : डॉक्टरांस विचारल्यावांचून तिचें औषध थांबवूं नका, तिच्या गरोदरपणांतील रक्तदाबाचे व लघवीच्या तपासणीचे कागद बाळाच्या कार्डाशेजारींच ठेवा, आणि दर वर्षीं तिचा रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्या.

आमच्या कपाटांत आतां मुलीच्या नांवाची नवी फाइल लागली आहे. मधलीं नऊ वर्षें तिनें भरून निघणार नाहींत. आपल्या घरीं तशी वेळ येऊं नये, एवढ्यासाठींच हें बोललों.