जीपीएस घेताना

आमचे वडील हर्णैहून मासेमारीला जात, तेव्हा सुवर्णदुर्गाचा बुरूज आणि मागचा डोंगर एका रेषेत धरून जागा ओळखत. धुकं पडलं की खूण गेली. अमेरिकेने जीपीएसच्या संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक 2000 सालच्या मे महिन्यात काढली आणि शंभरेक मीटरचा फरक दहा-वीस मीटरवर आला. पुढे हातात मावणारं यंत्र मीही घेतलं. वाटलं, आता काळजी मिटली.

2007च्या ऑक्टोबरात, परतीच्या पावसात, आमचं इंजिन बंद पडलं. चुलतभावाला वायरलेसवरून जागा सांगितली. अंश, मिनिटं आणि पुढे पन्नास. माझ्या यंत्रात ते पन्नास सेकंद होते. त्याच्या यंत्रात मिनिटापुढे दशांश, म्हणून त्याने अर्धं मिनिट धरलं. तो आमच्या दक्षिणेला सहाशे मीटरवर जाऊन थांबला. सरीत दिवा दिसेना आणि आमची बोट खडपाकडे वाहत चालली. शेवटी पत्र्याचा डबा बडवला, तो आवाज ऐकून तो आला. चूक यंत्राची नव्हती, आमची होती.

तेव्हापासून दुकानात रंगीत पडदा मी नंतर बघतो. आधी अक्षांश-रेखांशाची पद्धत कुठे बदलायची, ते दुकानदाराला करून दाखवायला सांगतो. सोबतच्या सगळ्या बोटींवर एकच पद्धत हवी. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’कडून मासळीच्या संभाव्य जागा कळतात, त्या भरतानाही हेच पाहा.

‘वॉटरप्रूफ’ शब्दावर भुलू नका. आयपीएक्स-7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढंच. यंत्र तरंगेलच असं नाही, तेव्हा दोरी बांधा. ओल्या, खवल्यांनी माखलेल्या हातांना बटणंच बरी. पेन्सिल सेल चालत असतील तर उत्तम, जादा जोडी डब्यात ठेवता येते. माणूस पाण्यात पडल्यास ती जागा एका दाबात नोंदवणारी सोय असेल, तर चार पैसे जास्त द्या.

मुलं म्हणतात, मोबाईल आहे की! आहे, आणि रेंज नसली तरी त्यातलं जीपीएस चालतं. पण भर उन्हात पडदा दिसत नाही आणि बॅटरी बोलण्यातच संपते.

आणखी एक. साधं यंत्र बंदराची वाट सरळ रेषेत दाखवतं. मधलं खडप त्याला ठाऊक नसतं, ते तांडेलालाच ठाऊक. होकायंत्र मी अजून काढलेलं नाही.