दाढेच्या निमित्ताने रक्तदाब

(वार्षिक संमेलनातील भाषण)



मी डॉक्टर नव्हे. ३६ वर्षे मुलांना गणित शिकविलेला एक निवृत्त शिक्षक आहे. तेव्हा माझे बोलणे अनुभव म्हणून ऐकावे.

गतवर्षी दाढ असह्य ठणकू लागली, म्हणून मी अमळनेरहून धुळ्यास एका दंतवैद्य बाईंकडे गेलो. खुर्चीवर बसताच त्यांनी दंडास पट्टा गुंडाळला. मी शिक्षकी बाण्याने म्हणालो, "बाई, दुखते ते तोंडात, दंडात नव्हे!" त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, पाच मिनिटे स्वस्थ बसा, पुन्हा मोजू." पहिला आकडा १९०/११२ होता, दुसरा १८४/११०. दाढ काढली नाही. दुखण्यापुरते औषध देऊन त्यांनी मला चिठ्ठीसह फिजिशियनकडे धाडले. एस.टी.चे भाडे फुकट गेले, असे मी परतताना पुटपुटत होतो.

कारण मागाहून उमगले. भीतीने आणि वेदनेनेही दाब चढतो, म्हणून एकाच आकड्यावर निदान करीत नाहीत. निरनिराळ्या दिवशी तो १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर विकार मानतात. १८०/११० पासून पुढे मात्र दात काढणे शक्यतो लांबणीवर टाकतात. रक्त लवकर थांबत नाही. शिवाय बधिर करण्याच्या इंजेक्शनात बहुधा ॲड्रेनालीन असते, तेही दाब वाढवू शकते.

माझे वडीलबंधू अर्धांगाने गेले. हयातीत त्यांच्या तीन दाढा काढल्या गेल्या. दंडास पट्टा एकदाही लागला नव्हता. दाब दुखत नाही, म्हणून आपला शेतकरी त्यासाठी दवाखान्याची पायरी चढत नाही. दाढेसाठी मात्र चढतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील पुरुषांत शेकडा २४ आणि स्त्रियांत शेकडा २१ जण वाढलेल्या दाबाचे अथवा त्यावर औषध घेणारे आढळले. आपल्या पापड-लोणच्यांतील मीठ आणि दातांची मिसरी यांविषयी भगिनींसमोर अधिक बोलण्याचे धाडस मी करीत नाही.

एक गोष्ट राहिली. अम्लोडिपिनसारख्या गोळीने क्वचित हिरड्या वाढतात. तसे झाल्यास डॉक्टरांस सांगावे, गोळी आपल्या मनाने सोडू नये.

दोन महिन्यांनी दाब १३८/८६ वर आला आणि दाढ निघाली. त्या दिवशी बाईंनी सोबत आलेल्या माझ्या पत्नीच्या दंडासही पट्टा बांधला. "माले काय व्हयनं?" म्हणून ती हसली. आकडा १६२/९८ निघाला. पुढील दोन आठवड्यांत पुन्हा मोजला, तरी उतरला नाही. आता सकाळी आमच्या घरी एका डबीतून दोन गोळ्या निघतात.