पाहुणा कोणाचा?
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



पंचवीस वर्षांचं कौतुक आधीच्या वक्त्यांनी केलंच आहे. मी जरा अवघड विषय काढतो, रागावू नका.

मी सेक्रेटरी होतो तेव्हाची गोष्ट. रात्री दोन वाजता दारात चार तरुण, हातात बॅगा. "अंकल, चावी कुठे आहे?" वरचा फ्लॅट त्यांनी दोन रात्रींसाठी घेतला होता. मालक दिल्लीला! तिथे हे नेहमी चालतं, हे मला ठाऊक होतं. पण मेंटेनन्स वेळेवर येतो म्हणून मी गप्प बसलो. ही माझी चूक.

पुढे मुलीकडे न्यूयॉर्कला गेलो, तर तिथेही हाच विषय. त्या शहराने ५ सप्टेंबर २०२३ पासून 'लोकल लॉ १८'ची अंमलबजावणी सुरू केली. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर शहराकडे नोंदणी हवी, यजमान स्वतः त्या घरात राहायला हवा आणि पाहुणे दोनच. निरीक्षक दारोदार किती फिरणार? म्हणून नोंदणी तपासल्याशिवाय बुकिंग कंपन्यांना व्यवहारच करता येत नाही. इमारतीच्या मालकांनाही आपली इमारत मनाईच्या यादीत घालता येते. लहान घरमालक मात्र नाराज आहेत; कर्जाचा हप्ता त्या भाड्यावर फिटायचा.

आपल्या गोव्यातही १९८२चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे. पर्यटकांना खोली द्यायची तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत कळवावं लागतं. पण सरकारी माणूस रोज आपल्या गेटवर उभा राहणार नाही. तिथे आपणच असतो.

मग सरसकट बंदी घालायची का? मला नाही वाटत. आपल्या एक आजी डिसेंबरात एक खोली देतात. पाहुण्यांना स्वतः चहा करून देतात, रात्री दहानंतर आवाज झाला तर दटावतातही. त्यांना आणि त्या कुलूपबंद फ्लॅटला एकाच मापाने मोजू नका.

माझी सूचना एवढीच: नोंदणी क्रमांक ऑफिसात, पाहुण्यांची नावं गेटच्या वहीत आणि जबाबदार माणूस त्याच घरात. येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी स्वतः मांडणार आहे. अनुमोदन कोण देतं, बघू!